चार नंबरच्या फाटकाचे लाल दिवे

१

तक्रारवहीतलं सत्तेचाळिसावं पान कुणीतरी फाडलं होतं. घाईत फाडलं होतं, कारण शिवणीत कागदाचा नखाएवढा तुकडा अजून अडकून होता.

बाईंनी वही मिटली आणि कुणाला काही न बोलता होती तशी स्टुलावर ठेवून दिली.

दुपारचे दोन वाजून गेले होते. टॉवरच्या काचांबाहेर दोन्ही धावपट्ट्या लख्ख उन्हात पडल्या होत्या. जसं काही घडलंच नाही. आणि सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी याच काचांबाहेर, धुक्यात, एक विमान उजव्या धावपट्टीवर उतरत असताना दुसरं विमान त्याच धावपट्टीवर आडवं येऊन उभं राहिलं होतं. उतरणाऱ्याने शेवटच्या क्षणी नाक वर उचललं. त्याची चाकं खालच्या विमानाच्या पाठीवरून गेली तेव्हा मध्ये दोन मजल्यांएवढीही जागा नव्हती. दोन्ही विमानांत मिळून तीनशे बारा माणसं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

चौकशीला बाईंना पाठवण्यात आलं. खात्यात सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत, कारण जे ध्वनिमुद्रण इतर लोक दोनदा ऐकून सोडून देत, ते बाई चाळीसदा ऐकत. स्वतः एकेकाळी अशाच टॉवरमध्ये खुर्चीवर बसलेल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याही हातून दोन विमानं अशीच एकमेकांना चाटून गेली, आणि त्यानंतर त्या खुर्चीकडे त्यांनी पाठ फिरवली ती कायमचीच. त्यामुळे आज त्यांचं त्यांनाच भय वाटत होतं. खुर्चीतल्या पोरीची कीव येऊन आपण तिला वाचवायला निघालोय, असं तर नाही?

फोन वाजला. वरचे साहेब होते.

"बाई, सगळं सरळ आहे. दिव्यांची नोंद यंत्रातच छापलेली आहे. पोरीने चुकीचं बटण दाबलं. सहाच्या आत मला कागद द्या, तिचा परवाना आजच रद्द करायचाय. बातम्यांत बोंबाबोंब चाललीय."

"सरळ आहे तर मग वहीतलं पान कुणी फाडलं, साहेब?" असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

२

सकाळी टॉवरमध्ये तीन माणसं होती.

पहिली, खुर्चीतली नियंत्रक. वैमानिक तिला 'चिमणी' म्हणत, कारण तिचा आवाज बारीक, पण धुक्यातूनही कानात टोचेल असा. दुसरे पाळीचे प्रमुख आप्पा, तीस वर्षांचा अनुभव, सगळ्यांच्या घरची दुखणी-खुपणी ज्यांना ठाऊक आहेत असे. तिसरा कोपऱ्यातला, जमिनीवरच्या गाड्या हलवणारा. तो दिवसभर गाड्यांशी बोलत असे आणि माणसांशी अजिबात नाही, म्हणून त्याला सगळे 'मुनी' म्हणत.

आप्पांना बाई ओळखत होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी थरथरत बसलेल्या बाईंना स्कूटरवर घालून घरी पोचवणारे हेच आप्पा.

"बस गं," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पोरीचं फार वाईट वाटतं. पण काय करणार? अर्धा तास धुक्याने सगळं बंद होतं. मीच म्हटलं तिला, जा, चहा पिऊन ये, तोवर मी बसतो. अकराला परत आली, धुकं जरा उघडलं, आणि एकदम पाच विमानं अंगावर आली. गडबडली बिचारी."

"तुम्ही बसला होतात तेव्हा काही हललं?"

"पाखरूसुद्धा नाही."

"आणि नंतर?"

"नंतर ती थरथरायला लागली. शिपायाने तिला खाली नेलं, मी खुर्ची घेतली. अकरा वाजून बारा मिनिटांनी वाहतूक पुन्हा सुरू केली."

बाईंनी खुर्चीसमोर पाहिलं. टेबलावर बटणांची एक रांग होती. धावपट्टीवर जायच्या प्रत्येक वाटेला इथले लोक 'फाटक' म्हणत, आणि प्रत्येक फाटकासमोर जमिनीत लाल दिव्यांची ओळ होती. लाल असेल तर विमानाने हलायचं नाही. बटण दाबलं की त्या फाटकाचे दिवे विझत, पुन्हा दाबलं की लागत. प्रत्येक बटणावर प्लास्टिकची पारदर्शक टोपी, टोपीवर आकडा, आणि टोपीखाली छोटा दिवा. फाटक लाल असलं की तोही लाल.

तीन नंबरचं फाटक डाव्या धावपट्टीवर जायचं. चार नंबरचं उजवीवर. दोन्ही बटणं शेजारीशेजारी.

बाईंनी तीन दाबलं. दूर तीनचे दिवे विझले. चार दाबलं, चारचे विझले. सगळं जिथल्या तिथे.

"बघितलंस?" आप्पा हळूच म्हणाले. "यंत्राला दोष देऊन कसं चालेल?"

३

चिमणी खाली डॉक्टरांच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"मी तीनच दाबलं," ती म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्यातला जीव गेला होता. "सहा-एक-सात विमान तीन नंबरच्या फाटकाला उभं होतं. त्याला सांगितलं, आत जा, आणि तीन दाबलं. तीनचा दिवा माझ्यासमोर विझला. मग पडद्यावर दिसलं, चार नंबरवरचं सहा-सात-एक आत शिरतंय. मी चारकडे बघितलं. ताई, चार लाल होतं! माझ्यासमोर लाल होतं, आणि ते विमान लाल दिव्यावरून आत चाललं होतं!"

"मग?"

"ओरडले. त्याला म्हटलं थांब, वरच्याला म्हटलं वर घे. आणि चारचं बटण दोनदा खालीवर केलं, म्हणजे दिवे लुकलुकले तर निदान त्याचं लक्ष जाईल. पण साहेब म्हणतात, यंत्रात वेगळंच छापलंय."

बाईंकडे तो कागद होता. चार बंद. सतरा सेकंदांनी तीन बंद, तीन चालू, तीन बंद, तीन चालू.

"म्हणतात, आधी चुकीचं दाबलं, मग घाबरून वाट्टेल ती बटणं दाबली." चिमणीने वर पाहिलं. "ताई, मला वेड लागलंय का हो? माझे डोळे एक बघतात आणि बोटं दुसरंच करतात, असं होतं का?"

बाईंनी तो कागद घडी करून ठेवला. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारला होता, आणि तेव्हा उत्तर 'हो' होतं.

४

आत शिरलेल्या विमानाचा कप्तान उंचापुरा, आवाज चढवून बोलणारा माणूस होता.

"मला बोलावलं म्हणून मी गेलो! सहा-सात-एक, आत जा. स्पष्ट ऐकलं मी. वर समोरचे लाल दिवेही विझले. कान चुकले असतील एकवेळ, पण डोळेसुद्धा चुकले?"

"तुम्ही रेडिओवर तसं उत्तर दिलंत?"

"दिलं तर! सहा-सात-एक, आत जातोय."

पण ध्वनिमुद्रणात तसं काही नव्हतं. बाई कानाला यंत्र लावून बसल्या. चिमणीचा आवाज: सहा-एक-सात, आत जा. मग एक कर्कश शिट्टी, दोन सेकंदांची. मग शांतता. पहिल्या ऐकण्यात ती नुसती खरखर वाटली. अकराव्या ऐकण्यात बाई ताठ बसल्या. दोघांनी एकाच वेळी बोलायला घेतलं की रेडिओ असा किंचाळतो. म्हणजे दोन विमानांनी एकदम उत्तर दिलं होतं. सहा-एक-सातनेही, आणि स्वतःचा नंबर समजून सहा-सात-एकनेही. चिमणीला दोन्हींपैकी काहीच ऐकू आलं नाही.

कप्तान चुकीचं ऐकून पुढे निघाला, हे कळलं. पण असं कधीतरी होणारच, म्हणून तर जमिनीत लाल दिवे असतात. ते नेमके त्याच्याच समोरचे का विझले?

आणि मग बाईंना एक गोष्ट एकदम खटकली. सकाळपासून सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. आत शिरलेल्याला विचारलं, वरून गेलेल्याला विचारलं, मुनीलाही विचारलं. ("काय ऐकलंत?" "गाड्या.") फक्त एका माणसाला कुणी काहीच विचारलं नव्हतं, कारण त्याने काहीच केलं नव्हतं.

सहा-एक-सातला आत जायची परवानगी मिळाली होती. त्याने उत्तरही दिलं होतं. मग तो गेला का नाही?

साडेतीन वाजले होते. आणि सहा-एक-सात हवेत होतं.

५

ते विमान पाच तासांचा प्रवास करून चार वाजून वीस मिनिटांनी दूरच्या गावी उतरलं. बाईंनी वैमानिकाला फोनवर गाठलं. वैमानिक स्त्री होती, आवाज दमलेला.

"मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. "हो, आम्हाला आत जा म्हणाले. 'आत जातोय' म्हणून सांगितलंही. पण समोरचे लाल दिवे विझेनात. लाल असताना मी कशी जाणार? विचारणार, तेवढ्यात रेडिओवर ती ओरडाओरड सुरू झाली."

"लाल दिवे सतत लागलेले होते?"

"सतत... नाही. मध्येच दोनदा लुकलुकले. म्हटलं, इथे काहीतरी बिघडलंय, आपण जागचं हलायचं नाही."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"किती वेळा म्हणालात?"

"दोनदा. खाली-वर, खाली-वर. का हो?"

बाईंनी फोन ठेवला आणि यंत्रातला कागद पुन्हा समोर ओढला. पोरीने चार दोनदा लुकलुकवलं. लुकलुकले तीनचे. पोरीने तीन विझवलं. विझले चारचे.

माणूस घाबरला की कसाही चुकतो, भुई धोपटत सुटतो. पण तीनच्या जागी चार आणि चारच्या जागी तीन, नेमकं उलट, इतक्या शिस्तीत कुणी चुकत नाही. शिस्तीत चुकतं ते यंत्र.

पण यंत्र तर त्यांनी स्वतः दुपारी तपासलं होतं. ते ठणठणीत होतं.

पाच वाजायला आले होते. साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते.

६

दिव्यांची देखभाल करणारे काका तळमजल्यावर तारांच्या वेटोळ्यांमध्ये बसून डबा पुसत होते. बाईंना बघताच ते उठले.

"ताई, मी सकाळपासून टॉवरमध्ये पाय ठेवला नव्हता. सगळं झाल्यावर, अकरा-पंचवीसला वर गेलो. तारांच्या खोलीचं सील बघा, कालचंच आहे."

"बघितलं. काका, तक्रारवहीत तुम्ही अलीकडे काय लिहिलं होतंत?"

"मी? हां, दोन आठवडे झाले. बटणांखालचे छोटे दिवे, तीन आणि चारचे. अगदी मिणमिणते झालेत, बदलायचेत, असं लिहिलं. पण बदलायचे तर नियमाने ती बटणं अर्धा तास बंद ठेवायची, दोन माणसांनी तपासून सह्या करायच्या. आप्पा म्हणत, आज नको, उद्या बघू."

"अजून बदलायचेच आहेत?"

काका डोकं खाजवायला लागले. "तीच तर गंमत. आज वर गेलो तर दोन्ही लख्ख! म्हटलं, कुणी बदलले? पण त्या गोंधळात विचारायचं कुणाला?"

"टोपी कशी निघते, काका?"

"ही अशी." त्यांनी खणातून एक जुनं बटण काढलं आणि नखाने टोपी उचकटली. टक्. "आतला दिवा ओढायचा, नवा खोचायचा, टोपी बसवायची. पोरखेळ आहे. फक्त एका वेळी एकच काढावी. दोन्ही टोप्या एकदम काढून ठेवल्या तर..."

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी हातातल्या टोपीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"देवा रे," ते म्हणाले.

७

साडेपाच. बाईंनी टॉवरच्या मागच्या छोट्या खोलीत आप्पांना बोलावलं आणि दार लोटलं. बसायला सांगितलं नाही, स्वतःही बसल्या नाहीत.

"आप्पा, मी बोलते. चुकलं तिथे थांबवा."

आप्पांनी मान हलवली.

"साडेदहा ते अकरा तुम्ही खुर्चीत होतात. धुकं होतं, पाखरू हलत नव्हतं. दोन आठवडे डोक्याला ताप झालेले ते दोन दिवे तुम्ही स्वतःच बदलून टाकले. चांगल्या मनाने. टोप्या परत बसवताना तीनची चारवर आणि चारची तीनवर गेली. तपासायला दुसरा माणूस नव्हता, सही नव्हती. अकराला पोरगी आली. तिने ज्यावर तीन लिहिलं होतं ते दाबलं."

"बाई..."

"त्यानंतर लगेच तिला खाली नेलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी तुम्ही सहा-एक-सातला तीन नंबरवरून आत सोडलंत, आणि यंत्रात नीट 'तीन बंद' छापलंय. म्हणजे मधल्या चार-पाच मिनिटांत टोप्या पुन्हा जागेवर आल्या. तेव्हा इथे दोनच माणसं होती. मुनी त्या सगळ्या वेळात रुग्णवाहिका आणि बंबांशी बोलत होता, ध्वनिमुद्रणात चार सेकंदांचीही फट नाही, आणि त्याच्या कानाची वायर या टेबलापर्यंत पोचत नाही. काका आले अकरा-पंचवीसला. राहिलं कोण?"

बाईंनी बरोबर आणलेली तक्रारवही उघडून समोर धरली.

"पान फाडलं नसतंत तर मला दिवे सुचलेच नसते," बाई म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदणं, आप्पा."

आप्पा खुर्चीवर बसले नाहीत, कोसळले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तिला खाली नेलं आणि मी खुर्चीत बसलो," ते अखेर म्हणाले. "समोर तीनची टोपी दिसली. तिचा एक कोपरा तुटलेला आहे, रोज बघतो मी. तो तुटका कोपरा भलत्याच बटणावर होता. त्या क्षणी कळलं मला. हात आपोआप गेला गं. विचार करायच्या आत टोप्या बदलल्या. पुढचं विमान यायचं होतं, बदलायलाच हव्या होत्या ना?"

"बदलायलाच हव्या होत्या. आणि मग सांगायला हवं होतं."

"सांगणार होतो."

"कधी? तिचा परवाना गेल्यावर?"

"तीस वर्षं, बाई. तीस वर्षांत माझ्या नावावर एक ओरखडा नाही. घरी नातवंडं सांगतात सगळ्यांना, आमचे आजोबा विमानं सांभाळतात." त्यांनी वर पाहिलं. "तुला मी घरी नेलं होतं. आठवतं?"

"आठवतं." बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे मी त्या दिवशी जगले. म्हणून तर दुपारपासून देवाला म्हणत होते, हे आप्पा नसू देत. पण आप्पा, ती खाली बसून विचारतेय, मला वेड लागलंय का. चूक तुमच्या हाताने झाली, ती मी समजून घेईन. पण तुम्ही तिचे डोळे खोटे पाडलेत. ते मला जमणार नाही."

आप्पांनी खिशातून चौपट घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. सत्तेचाळिसावं पान. ते त्यांनी दिवसभर छातीशी बाळगलं होतं. फेकवलं नव्हतं.

"जाळून टाकता आलं असतं," ते म्हणाले. "नाही जमलं."

८

सहाला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी साहेबांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे पोरगी निर्दोष?"

"दोन सेकंद रेडिओ किंचाळला तेव्हा तिने पुन्हा विचारायला हवं होतं. तेवढं मी लिहिणार आहे. चार ओळी. बाकी त्या तीनशे बारा माणसांतला प्रत्येक जण तिच्या ओरडण्यामुळे घरी गेलाय, तेही लिहिणार आहे."

खाली चिमणीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. फक्त स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली, मग गार चहाचा कप उचलून एका दमात प्यायली.

"आप्पा कुठे आहेत?" तिने विचारलं.

"वर. जबाब लिहून देताहेत."

"एकटे आहेत?" ती उठली. दारापर्यंत गेली, पुन्हा येऊन बसली. "नाही. आज नाही जमायचं मला. पण कुणीतरी बसा त्यांच्यापाशी."

बाईंनी काकांना वर पाठवलं.

पण त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. अशीच बटणं, अशाच निघणाऱ्या टोप्या आणखी अकरा विमानतळांवर होत्या. बाईंनी साहेबांच्या सहीची वाट न बघता एकेका टॉवरला फोन लावायला घेतले. बटणं दाबा, माणूस पाठवून दिवे डोळ्यांनी बघा, मला सांगा. पहिल्या सहा ठिकाणी ठीक होतं. सातव्या ठिकाणचा नियंत्रक तरुण होता, थोडा वैतागलेला.

"आमच्याकडे हे लाल दिवे कुणी वापरतच नाही, बाई. इथे धुकं पडतं कुठे? वर्षातून एखाददा."

"तरी बघा."

त्याने गाडीतल्या माणसाला फाटकापाशी पाठवलं. बाई फोन कानाला लावून बसल्या. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, बटण दाबल्याचा आवाज. मग रेडिओवरून गाडीवाल्याचं काहीतरी अस्पष्ट बोलणं.

"बाई," तो मुलगा म्हणाला. त्याचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. "मी पाच दाबलं. तो म्हणतो, सहाचे विझले."

"कधीपासून असं आहे?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही." तो थांबला. "हवामानवाल्यांनी आत्ताच कळवलंय. उद्या सकाळी इथे धुकं आहे."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुमच्याबरोबर दुसरं कुणी आहे तिथे?"

"आहे."

"त्याला शेजारी उभं करा. आता दोन्ही टोप्या काढा. बदला. घाई करू नका, मी फोनवर आहे."

टक्. टक्. मग पुन्हा टक्, टक्.

"आता पाच दाबा. आणि मला तुम्ही सांगू नका. गाडीवाल्याला फोनवर घ्या, त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

बराच वेळ नुसती खरखर. कुणीतरी उघड्या मैदानात उभं असल्यासारखा वारा.

"पाच, बाई," एक जाडाभरडा आवाज आला. "पाचचेच विझले. मी समोर उभा आहे."